वकीलबाईंचं स्वयंपाकघर

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात भाच्याने एक वाक्य टाकलं आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. ‘मराठी मालिकेतली वकील शेवटी पोळ्याच लाटते. अमेरिकेत वकीलबाईवर अख्खे खुनाचे सिनेमे निघतात.’ सोबत ‘डॅरो अँड डॅरो’चं पोस्टर. खाली अंगठ्यांची रांग, त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचाही अंगठा. वर मलाच साक्षीला बोलावलं, ‘मावशी, तू तिथेच आहेस, सांग ना यांना.’

सांगते. तू तो पाहिलेला नाहीस. मी पाहिला आहे. 2017 साली हॉलमार्कच्या रहस्यपटांच्या वाहिनीवर तो आला, मग त्याच नायिकेचे आणखी तीन आले. रविवारी ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालायला बसले की मी यातलाच एखादा लावते. किम्बर्ली विल्यम्स-पेस्लीने क्लेअर डॅरोचं काम केलं आहे. पैशापेक्षा न्याय बघणारी, अशील गरीब असला तरी वकीलपत्र घेणारी बाई. तिची आई जोअ‍ॅना, म्हणजे वेंडी मॅलिक, हीसुद्धा वकील, पण पुरती व्यवहारी. मायलेकी एकाच ऑफिसात बसतात. घरात क्लेअरची शाळकरी मुलगी. समोर सरकारी पक्षाचा वकील, आणि त्याच्याशी जमतंय की नाही जमत, अशी चाललेली गोड ओढाताण. रक्ताचा थेंब फारसा दिसत नाही. खून होतो, चहा निवायच्या आत पुढचा प्रसंग सुरू होतो.

म्हणजे यातही घर आहे, आई आहे, मुलीचा अभ्यास आहे, लग्नाचं बघणं आहे. ज्यावर तू नाक मुरडतोस ते सगळं आहे. इंग्रजीतून आलं की ते तुला मोकळ्या बाईचं आयुष्य वाटतं आणि मराठीतून आलं की रडगाणं वाटतं, याचा मला संताप येतो.

आणि अमेरिका म्हणजे काय आकाशातून पडलेली आहे? इथल्या टीव्हीवरचा सगळ्यात गाजलेला वकील पेरी मेसन. 1985 साली तो टीव्हीपटांतून परत आला, तेव्हा खुनाचा आळ होता त्याच्या सेक्रेटरीवर, डेला स्ट्रीट नावाच्या बाईवर, आणि तिला सोडवायला तो न्यायाधीशपद सोडून आला. तेव्हाही वकील तोच, आणि वाचवायची ती हीच. उलट आपल्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या होत्या. वकिलीचा दरवाजा बायकांना उघडायला पुढे 1923 चा कायदा यावा लागला, हे खरं. पण त्या दरवाजाशी आपल्या बायका केव्हापासून उभ्या आहेत, हेही मोज ना.

आपल्या मालिकांची चूक मला दिसत नाही असं नाही. पोळी लाटणं ही ती चूक नव्हे. चूक ही की पोळी लाटताना तिच्या डोक्यात खटला नसतो. क्लेअर स्वयंपाकघरात उभी असते तेव्हाही आईशी वाद चालतो तो पुराव्यावरून. आपल्याकडे काळा कोट खुंटीला अडकला की दोषारोपपत्र, जामीन, फितूर झालेला साक्षीदार, सगळं त्या कोटाच्या खिशात राहतं. यावर भांड, मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

कारण मी अशी बाई जवळून पाहिली आहे. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी ज्यांच्या हाताखाली तीन वर्षं ज्युनिअर होते, त्या आमच्या मॅडम फौजदारी करायच्या. बाररूममध्ये डबा उघडलेला, एका हाताने जामीन अर्जात दुरुस्ती, कानाला फोन आणि पलीकडे सासूबाईंचे डॉक्टर. तारीख पुकारली की डब्यावर झाकण आणि तरातरा कोर्टात. उलटतपासणीला उभ्या राहिल्या की पट्टेवालासुद्धा दाराशी थांबून ऐकायचा. त्यांच्या तोंडून ‘घर की कोर्ट’ हा प्रश्न मी कधी ऐकला नाही.

इथल्या कोर्टाचं कौतुक सांगणाऱ्यांना एक आकडाही सांगून ठेवते. इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच 2012 मध्ये नोंदवलं की फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांतल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के शिक्षा आरोपीने आधीच गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. सिनेमातली ती उलटतपासणी, तो घाम फुटलेला साक्षीदार, बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

हे सगळं तावातावाने ग्रुपवर लिहिलं. भाच्याचं उत्तर आलं, ‘मावशी, तुझी स्वतःची सनद कुठेय?’

कपाटात आहे. पासपोर्टांच्या फाइलखाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, माझं माहेरचं नाव. लग्न झालं, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले, मुलगा झाला. न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देता आली असती. या वर्षी, पुढच्या वर्षी, असं करत मी दिली नाही. आज इन्शुरन्सच्या ऑफिसात दुसऱ्यांचे क्लेम वाचते. रविवारी मायलेकींचं ते ऑफिस बघत घड्या घालते, तेव्हा मला न्यू जर्सी दिसत नाही. दिसते ती आमची बाररूम आणि मॅडमचा डबा. हे भाच्याला लिहिलं नाही.

सिटिझन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मला जूरीचं, म्हणजे खटल्यात निवाडा करायला नागरिक म्हणून बसायचं, समन्स आलं होतं. न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात पहाटेच जाऊन बसले, इस्त्रीचा कोट घालून. निवड सुरू झाली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ‘तुमच्यापैकी कोणी कधी वकिली केली आहे का?’ माझा हात वर गेला. कुठे, म्हणाल्या. सातारा, इंडिया. स्टेनोग्राफरचे हात थांबले. तिला नाव कळलं नव्हतं. मी उभी राहिले आणि सावकाश एकेक अक्षर सांगितलं. एस, ए, टी, ए, आर, ए. तिने टाइप केलं. पाच मिनिटांनी बचावाच्या वकिलाने मला वगळलं, आणि मी गाडीत येऊन बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिले.