मैदान सुधारणेची शास्त्रशुद्ध पद्धत

आपल्या गावाला क्रीडांगण मंजूर करून घ्यायचे आपण ठरवले असेल, तर प्रथम एक पथ्य पाळावे: गावात रोज खेळणाऱ्या मुलामुलींना काहीही विचारू नये. त्यांना विचारले की ती मैदान सपाट करा, पाण्याचा नळ द्या, मुलींना कपडे बदलायला खोली द्या, असल्या क्षुल्लक गोष्टी मागतात, आणि नळाची फीत कापायला कोणी येत नाही.

जागेचा प्रश्न मराठवाड्यात गायरान सोडवते. सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंग प्रकरणात सांगितले. त्या निकालाचा मान राखून आपण गायरानाचा असा तुकडा निवडावा, ज्यावर कोणाचेच अतिक्रमण नाही. म्हणजे जेथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते. 400 मीटरच्या धावमार्गाला सुमारे चार एकर सलग जागा लागते. तेवढी शिल्लक नसल्यास 200 मीटरचा मार्ग दाखवावा. पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावणाऱ्या मुलाला आठ फेऱ्या माराव्या लागतील, पण बेरीज तीच येते.

खरे कौशल्य मातीत आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की धावणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो. जाणकार सांगतील की वरचा काळा थर काढावा, मुरमाचे थर पाणी मारून रोलरने दाबावेत, मध्यापासून कडेला उतार द्यावा आणि भोवताली चर खोदावा. हे सर्व बरोबर आहे आणि म्हणूनच टाळण्यासारखे आहे, कारण दाबलेला मुरूम जमिनीखाली राहतो आणि चर फोटोत चांगला दिसत नाही. शिवाय मुरमासाठी गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) आले. त्यापेक्षा काळ्या मातीवर बोटभर मुरूम पसरावा. मोजमाप पुस्तिकेत तो आपोआप वीतभर होतो. दबाईला पाणी का वापरले नाही, असे कोणी विचारलेच, तर गावच टँकरची वाट पाहत होते, असे लेखी द्यावे. हे कारण खरे असल्याने त्यावर पुढे कोणी प्रश्न काढत नाही. काम मार्चअखेरीस उरकावे. तेव्हा निधीही घाईत असतो आणि आभाळही कोरडे असते. जूनचा पहिला मोठा पाऊस मुरूम घेऊन जाईपर्यंत बिल निघालेले असते.

निधीला तोटा नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत क्रीडांगण विकास अनुदान योजनेतून कमाल 7 लाख रुपये मिळतात, आणि त्यांत सपाटीकरण, धावमार्ग, कुंपण, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी अशी बरीच कामे बसतात. एवढ्या रकमेत सगळे होणार नाही, हे उघड आहे; म्हणून कुंपणापासून सुरुवात करून तेथेच थांबावे. कुलूपबंद फाटकाआडचे मैदान खराब होत नाही. रोजगार हमीतूनही खेळाचे मैदान करता येते, परंतु तेथे मजुरी आणि साहित्य यांचे 60:40 प्रमाण आडवे येते आणि यंत्राऐवजी माणसांना काम द्यावे लागते, जे योजनेच्या नावावरून लक्षात यायला हवे होते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. त्यातून टाकी बसवावी. तिला पाइप जोडणे हा स्वतंत्र प्रस्ताव समजावा. आमदार निधीतून खुली व्यायामशाळा येईल, तिच्यावर पुढे कपडे वाळतील. मात्र हे सारे पैसे एका आराखड्यात एकत्र आणून एकच धड मैदान करण्याच्या मोहात पडू नये. चार योजनांच्या चार कोनशिला होतात. एकत्र केल्या तर एकच उरते, आणि तिच्यावर नावे कोणाची, यावरून गावात भांडणे लागतात.

देखभालीविषयी सांगण्यासारखे काही नाही, कारण तिच्यासाठी आराखड्यात रकाना ठेवायचा नसतो. गवत काढणारा, रोलर फिरवणारा, फाटक उघडणारा एक माणूस दरमहा पगार मागतो, आणि घरपट्टीची वसुली पाहता ते धाडस आपण करू नये.

सुविधांवाचून खेळाडू घडत नाहीत, असा आक्षेप आला, तर आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत मिळवलेले रौप्यपदक आणि धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना मिळालेला 2020 चा अर्जुन पुरस्कार तत्काळ पुढे करावा. मैदानाची गरज नसते, हे सिद्ध करण्यास दोन नावे पुरतात. साबळे स्टीपलचेसकडे लष्करात गेल्यावर वळले, हा तपशील फ्लेक्सवर मावत नाही.

यानंतरही ग्रामसभेत एखादी मुलगी उठून विचारील की मैदान पूर्ण झाले असेल, तर आम्ही पहाटे डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात का धावतो. तिला थोपवू नये, विषय नोंदवून घ्यावा. मग गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, नाही, असे कारण देऊन सभा तहकूब करावी आणि पुढची तारीख पेरणीच्या आठवड्यातली ठेवावी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे उपस्थित चौघांच्या बहुमताने त्याच मैदानाच्या नूतनीकरणाचा ठराव सहज मंजूर होतो.