‘मनाची ताकद असली की दारू सुटते’ : फिरत्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं असं : ठरवलं की दारू एका दिवसात सुटते, मनाची ताकद हवी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना; तिच्या मीटिंगा दुबळ्यांसाठी असतात. तिथे ख्रिस्ती धर्माचा प्रचार होतो, पैसे उकळतात, नाव बाहेर फुटतं आणि दहा दारुडे एकत्र आले की शेवटी प्यायलाच बसतात. याच समजुतींपायी माझ्या भावाचं मीटिंगला जाणं लांबत गेलं, म्हणून हे उत्तर.

‘एका दिवसात सोडा’ हा सल्ला यात सगळ्यात घातक आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर शरीर बंड करतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास सुरू होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. इथे मनाच्या ताकदीचा काय संबंध? आधी डॉक्टर गाठायचा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ‘वेड्यांच्या इस्पितळात’ जायची लाज वाटते हे मला ठाऊक आहे, पण घरात फिट आलेला माणूस बघण्यापेक्षा ती लाज परवडली. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. मीटिंग ही डॉक्टरची जागा घेत नाही. तिचं काम पुढचं : अंगातली दारू उतरल्यावर रोजची संध्याकाळ पार पाडायची.

दुबळ्यांसाठी? हा मेसेज पाठवणारे बहुधा गावच्या एखाद्या काकांचा दाखला देतात, माळ घातली आणि दुसऱ्या दिवसापासून थेंब शिवला नाही. खरं आहे, अशी माणसं आहेत. पण ते काका एकटे होते का? एकादशीचं भजन होतं, दिंडी होती, सप्ताह होता. चुकले असते तर हटकणारे दहा माळकरी होते. एएमध्ये हेच घडतं. नव्या माणसाला जुना सभासद स्पॉन्सर म्हणून मिळतो आणि प्यावंसं वाटलं की आधी त्याला फोन करायचा असतो. गटारीला, थर्टीफर्स्टला हा फोन फार मोलाचा असतो. बरं, हे केवळ श्रद्धेवर सोडायची गरज नाही. वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यात दहा हजारांहून जास्त लोक होते. एएच्या वाटेला नीट लावून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के. हमी कुणालाच नाही, पण ‘उपयोग नाही’ असं यावरून कुणी म्हणू शकत नाही.

धर्माचं म्हणाल, तर एए १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि दारूतून बाहेर पडायच्या त्याच्या बारा पायऱ्यांत देव येतो, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच वाक्यात ‘आम्हाला उमगला तसा’ असंही आहे. कुणाचा विठोबा, कुणाचा अल्ला, कुणी देव न मानणारा. सभासद होण्याची अट एकच : पिणं थांबवायची इच्छा. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरते तशी शाळेच्या वर्गातही भरते. जागा मिळते तिथे भरते, एवढाच त्याचा अर्थ.

पैसे : फी नाही. शेवटी वर्गणीसाठी काहीतरी फिरवतात, नव्या माणसाने त्यात टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्यांच्या देणग्या एए घेत नाही.

आता ‘दहा दारुडे एकत्र आले की प्यायलाच बसतात’ हे. मीटिंगला येऊनही काही जण पुन्हा पितात, हे खरं. त्याला स्लिप म्हणतात आणि असा माणूस परत आला तर त्याला हाकलत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने हे कधी पाहिलेलं दिसत नाही. पिण्याच्या बैठकीत दारूची गंमत सांगतात. इथे माणूस दारूने काय काय गेलं ते सांगतो, आणि ऐकणारे मध्ये बोलत नाहीत.

राहिली नावाची भीती. तिथे पहिलं नाव सांगितलं की पुरे, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा रिवाज आहे. तरीही ठाण्यात नौपाड्याला ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल, तर ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या बाजूला कुठे ग्रुप भरतो ते बघा. तिकडच्यांनी ठाण्याकडे यावं. एएच्या संकेतस्थळावर भागवार वार, वेळ आणि भाषा बघता येते. मराठी मीटिंग मागून घ्या. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची, ओपन मीटिंगला बायको, आई, भाऊ कुणीही बसू शकतं. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे. मी तिथे जाते, भाऊ पीत होता तेव्हाही जात होते. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. दहा मिनिटं आधी पोचा आणि दाराशी जो उभा असेल त्याला ‘मी नवीन आहे’ एवढं सांगा. पहिला ग्रुप मानवला नाही तर दुसऱ्या भागातला बघा.