गर्दीला घाबरणाऱ्याला ढकलू नका, घरीही ठेवू नका

सहामाही परीक्षा संपत आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच विषय चालतात, फराळाचं कोण काय करणार आणि पोरांना घेऊन कुठं जायचं. यंदा त्या गडबडीत एक फॉरवर्ड येऊन पडला. आधी मोठ्या भाऊजींनी टाकला, मग भिशीच्या ग्रुपवर दिसला, मग शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एकाच दिवसात दोनदा. मजकूर थोडक्यात असा: गर्दीची भीती हे नवं फॅड आहे. गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, आणि आषाढीच्या गर्दीत वाढलेल्या सोलापूरकराला ती शोभत नाही. थीम पार्कला जाताना अशा माणसाला एकदा गर्दीच्या मधोमध नेऊन उभं करा, भीती आपोआप जाते. फार आखणी करू नका, त्यानं भीती वाढते. तरी जमत नसेल तर झोपेची अर्धी गोळी द्या, नाहीतर घरी ठेवा, पोरांच्या सुट्टीचा विचका नको. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. मला गर्दीत हा त्रास होतो, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला रोलर कोस्टरवर बसायचंय. या दोन्ही गोष्टी एकाच घरात आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘नवं फॅड’ हे तर अजिबातच खरं नाही. घराबाहेर, चौकात, लोकांमध्ये जीव घाबरा होणाऱ्या रुग्णांचं वर्णन करून बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी १८७१ साली त्याला ‘अ‍ॅगोराफोबिया’ हे नाव दिलं. म्हणजे दीडशे वर्षं झाली. आज मानसिक आजारांचं निदान करताना डॉक्टर जी अमेरिकी नियमावली वापरतात, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत या आजारासाठी पाच प्रसंग दिलेत: बस-रेल्वेचा प्रवास, मोकळी जागा, बंद जागा, घराबाहेर एकटं असणं, आणि पाचवा, रांगेत उभं राहणं किंवा गर्दीत असणं. रांग असा शब्दच आहे त्यात. गर्दीत घाबरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकांना नसतो. पण जे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे, त्याला नखरे म्हणायचा अधिकार फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुणी दिला?

शिवाय गर्दीला बिचकणं हा काही वेडेपणा नव्हे. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर तशीच २३ गेली. पार्कात तशी गर्दी नसते, तिथे तिकिटं मोजून देतात, हे मला डोक्यानं कळतं. शरीराला कळायला वेळ लागतो.

आता गड्ड्याचं आणि वारीचं. हा मुद्दा सगळ्यांना फार आवडलेला दिसतो, कारण त्यात आपल्या गावाचं कौतुक आहे. कौतुक मलाही आहे. मी लहानपणापासून सिद्धेश्वरांच्या यात्रेला जाते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, घेऊन येताना दिसली की आजही अंगावर काटा येतो, आणि तिथे मला सहसा काही होत नाही. का होत नाही याचा मी पुष्कळ विचार केलाय. होम मैदानात पुढं काय होणार ते मला माहीत असतं. नको झालं तर गर्दीची कड धरून बाहेर यायचं, रिक्षा करायची, दहा मिनिटांत घर. वारीतही तसंच. ज्ञानोबांच्या रथापुढे २७ दिंड्या असतात, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची जागा ठरलेली. विसावा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे हे दिंडीतल्या म्हातारीलाही पाठ असतं. लाखो लोकांत चालणारा वारकरी आपल्या शंभर-दोनशे माणसांत चालत असतो.

पार्कातली रांग निराळी. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, नागमोडी वळणं, पुढे किती वळणं आहेत ते दिसत नाही, मागे वळावं तर चाळीस माणसांना बाजूला सारावं लागतं, आणि घर तीनशे किलोमीटरवर. माणसांची संख्या गड्ड्यापेक्षा कितीतरी कमी. तरी जीव तिथेच घुसमटतो, कारण तिथून निघता येत नाही. माझ्यापुरतं तरी भीतीचं मूळ हे आहे. आकड्यात नाही, अडकण्यात आहे.

‘मधोमध नेऊन उभं करा’ हा उपाय माझ्यावर झालेला आहे. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, हैदराबादजवळचं एक पार्क. मी आधीच म्हटलं होतं की मी बाहेर थांबते. ‘काही होत नाही, चल’ म्हणून सगळ्यांनी प्रेमानंच ओढलं. नवरा आणि पुतणे दोन वळणं पुढे, मी आणि मुलगी मागे. वर पत्रा, माझ्या पाठीला कुणाची तरी ओली सॅक चिकटलेली. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांना. मग वाटलं की हवाच संपली. कठड्याचा पिवळा रंग एका ठिकाणी हात लागून लागून गेला होता आणि आतलं लोखंड दिसत होतं, त्या रुपयाएवढ्या डागाकडे मी बघत राहिले, बाकी काही दिसेनाच. मुलगी विचारत होती, ‘आई, तुझा हात गार का लागतोय?’ शेवटी मी कठड्याखालून वाकून बाहेर पडले आणि फरशीवर बसले. ती रडायला लागली, मला काहीतरी मोठं झालंय असं तिला वाटलं. परत येताना उमरग्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

त्या मुंग्यांचं कारण मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटं-ओठ बधिरतात, डोकं गरगरतं. हवा संपल्यासारखं वाटतं, खरं तर श्वास जास्त होत असतो. म्हणून ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ म्हणून मागे लागणं उपयोगाचं नाही. श्वास सावकाश सोडायचा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. हे आधी माहीत असतं तर निम्मी भीती वाटलीच नसती. (एक मात्र आवर्जून सांगते. छातीत दुखणं, धाप लागणं असं पहिल्यांदाच झालं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका, आधी हृदय तपासून घ्या.)

फॉरवर्डमध्ये एक खरी गोष्ट दडलेली आहे, तीही मान्य करते. टाळत राहिलं की भीती वाढते. समोर जावंच लागतं. पण कसं? १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवली. ससा त्याच्या मांडीत नेऊन टाकला नाही. पोरगं आवडीचं खात असताना पिंजरा लांब ठेवला, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी त्यानं सशाला हात लावला. आजही भीतीवरचे उपचार बहुतेक याच पायऱ्यांनी चालतात. आणि अमेरिका कशाला, आपल्याकडे नंदीध्वज काय संक्रांतीच्या दिवशी एकदम कुणाच्या हातात देतात? आधी सराव चालतो, तोल सापडतो, मग मिरवणुकीत.

माझ्या पायऱ्या सोलापुरातच होत्या. मंगळवारी सकाळी अकराला नवी पेठ, दुकानं नुकती उघडलेली. मग शनिवारी संध्याकाळी नवी पेठ. मग गड्डा, पण मुख्य विधी उरकल्यावरचा, आकाशपाळण्याच्या रांगेत मुलीबरोबर, एकदाच. प्रत्येक ठिकाणी एकच नियम: भीतीची लाट आली तर बाजूला व्हायचं, घरी पळायचं नाही. कडेला थांबायचं, श्वास सोडायचा, उतरू द्यायचं, मग ठरवायचं परत आत जायचं की नाही. पळालं की शरीर शिकतं, ‘पळालो म्हणून वाचलो’. थांबलं की शिकतं, आपोआप उतरतं.

आता आखणीचा मुद्दा. ‘बिनधास्त निघा, आखणीनं भीती वाढते.’ रात्र रात्र व्हिडिओ बघत बसणं, कुठे अपघात झाला ते शोधणं, याला आखणी म्हणत असतील तर बरोबर आहे, त्यानं वाढते. पण त्याला काळजी म्हणतात. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना मांडलं होतं की किती वेळ लागेल हे माहीत नसलं की वाट जास्त लांब वाटते, रिकामं उभं राहिलं की लांब वाटते, एकट्यानं लांब वाटते, आणि मनात धास्ती असली की आणखी लांब. हे चारही मला त्या पत्र्याखाली एकदम भेटले होते. आखणीनं यातले तीन तरी काढून टाकता येतात.

आम्ही गेल्या वर्षी परत गेलो, तेव्हा असं केलं. आधी दिवस. सोलापूरकर शक्यतो दोनच दिशांना जातात, हैदराबादला किंवा पुण्याच्या पुढे खोपोलीकडे, आणि जातात ते पाडवा-भाऊबीज झाली की लगेच, नाहीतर शनिवार-रविवारी, नाहीतर नाताळात. आम्ही शाळा उघडायच्या आधीचा मंगळवार घेतला. आदल्या संध्याकाळीच पोचून मुक्काम केला. पहाटे तीनला निघून पाच-सहा तास गाडी चालवून थेट रांगेत उभं राहायचं हे पैसे वाचवणं मला आता पटत नाही. झोप न झालेलं शरीर आधीच घाबरायला तयार असतं.

गेट उघडायच्या आधी अर्धा तास हजर. पहिल्या तासात सगळे गेटजवळच्या खेळांना थांबतात, आम्ही सरळ आत चालत जाऊन मुलीचा सगळ्यात लाडका खेळ उरकला, कारण दुपारी त्याचीच रांग सर्वांत मोठी होते. जेवण बाराच्या आत. बाहेरचं खायला बहुतेक पार्कांत नेऊ देत नाहीत, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीतच ठेवायची, हेही आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर गेटवर पिशव्या उघडण्यातच पहिला घामटा निघतो. रांग कमी करणारं वेगळं तिकीट काही ठिकाणी मिळतं, उदाहरणार्थ वंडरलात. महाग आहे. पण घरात एकाला असा त्रास असेल तर दुसऱ्या कशात तरी काटकसर करून ते घ्यावं असं माझं मत आहे. रामोजी फिल्म सिटीत प्रकार वेगळा, तिथे बसनं फिरवतात. ज्याला बंद बसचा त्रास आहे त्यानं खिडकीची, दाराजवळची जागा आधी धरावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रांगेत शिरण्याआधी रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन प्रश्न. ‘किती वेळ लागेल?’ आणि ‘मध्येच बाहेर यायचं झालं तर कुठून?’ मला आजवर कुणी हसलं नाही. एकीनं तर स्वतः येऊन कठड्यातलं छोटं फाटक दाखवलं. त्या फाटकातून मला जावं लागलं नाही. ते आहे हे माहीत होतं, तेवढ्यानं पस्तीस मिनिटं काढली. मुलगी वळणं मोजत होती, ‘आई, अजून तीन, आई, अजून दोन.’ तिला मी सगळं आधी सांगून ठेवलं होतं: मी तुझा हात दोनदा दाबला तर मी बाजूला जाणार, तू बाबांबरोबर पुढे जायचं, मी कारंज्याजवळच्या बाकावर सापडेन. तिच्या मनगटावर पेनानं फोन नंबरही लिहिला होता. त्या दिवशी मी ही खूण दोन वेळा केली. दोन्ही वेळा ती न रडता पुढे गेली आणि येऊन मला सगळं सांगितलं.

गोळीबद्दल एवढंच. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची किंवा घबराटीची गोळी कुणालाही देऊ नका. त्यानं गुंगी येते, तोल जातो, आणि तुम्ही त्या माणसाला उंचावरच्या पाळण्यात बसवणार आहात. औषध लागत असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात.

राहिलं ‘घरी ठेवा’. मोठ्या भाऊजींना मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, घरी जाऊन बोलले. मला घरी ठेवलं असतं तर मुलीला ट्रिप मिळाली असती, हे खरं. पण तिच्या मनात राहिलं असतं की आईला घाबरायला होतं म्हणून आई येत नाही. उद्या तिला स्टेजवर, परीक्षेत, कुठेही घाबरायला झालं तर तीही घरीच बसेल. आता तिच्या मनात आहे की आई हात दाबते, बाकावर बसते आणि परत येते. भाऊजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘मला त्या उंच पाळण्याचं जमत नाही, कधी कुणाला बोललो नाही.’ यंदा मंगळवारचंच ठरवलंय. उंच पाळण्याच्या वेळी कारंज्याजवळच्या बाकावर आम्ही दोघं असू, आणि रांगेच्या वेळी पोरांबरोबर ते उभे राहतील.