पिटस्टॉप, मानवतच्या पुढं

माझ्या भाच्याचं ठाम मत आहे की गाडीच्या चाकाला एकच नट असावा. मधोमध, चांगला मुठीएवढा. याला सेंटर लॉक म्हणतात. चार-चार, पाच-पाच नट म्हणजे मागासलेपणा. पोरगा परभणीत राहतो पण रात्री जागून फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यती बघतो, त्यामुळं त्याची मतं ताशी तीनशेनं येतात आणि आपण बाजूला व्हायचं असतं.

हे मत त्यानं मला मे महिन्यात, सकाळी अकराच्या उन्हात, मानवत आणि पाथरीच्या मधे ऐकवलं. गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं. पाथरीचं लग्न १२ वाजून ३५ मिनिटांचं (मराठवाड्यातली निम्मी लग्नं याच मिनिटाला का लागतात, ते पंचांगालाच ठाऊक). मी पान्यावर सगळा जीव काढत होतो आणि नट हलायला तयार नव्हता.

नटाचा यात दोष नाही. छोट्या गाडीच्या नटाला शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण (टॉर्क) पुरते. म्हणजे हातभराहून लहान, तीस सेंटिमीटरच्या पान्यावर पस्तीसेक किलोचा जोर. पण मागच्या खेपेला चाकं काढली तेव्हा टायरवाल्यानं हवेची गन लावली होती, आणि गनवाल्याचं ट्रिगरवरचं बोट त्याच्या फोनवरचं बोलणं संपल्याशिवाय उचलत नाही.

"मामा, मॅक्लारेनच्या टीमनं २०२३ ला कतारमधे चारी चाकं १.८० सेकंदात बदलली," भाचा लिंबाच्या सावलीतून म्हणाला.

"किती माणसं होती?"

"वीसेक. एका चाकाला तिघं. एक गनवाला, एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा."

वीसेक माणसं आमच्याकडंही होत आली होती. कापसाच्या रानात कुणी दिसत नव्हतं, पण जॅक लावला की माणसं कुठून उगवतात ते कृषी विद्यापीठानं एकदा शोधावं. कुणी म्हणालं डिझेल सोडा. कुणी म्हणालं जॅक काढा, चाक जमिनीला टेकू द्या, मग नट सोडा. हे बरोबर होतं, फक्त मी तेच करत होतो. एकानं गाडी घेतली कितीला ते विचारलं.

मग फटफटीवरून एक म्हातारबाबा उतरले. धोतर, टोपी, आणि अंगात जुन्या जीप ड्रायव्हरचा रुबाब.

"सायब, काय करायलाव? उलटं फिरवायलाव की! डाव्या अंगाचे नट उलटे असतेत."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पाना घेतला आणि होता तो नट आणखी आवळून ठेवला.

बाबा जीपपुरते खरे होते. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, चाक फिरता फिरता नट ढिले होऊ नयेत म्हणून. गंमत अशी की सेंटर लॉकच्या पूर्वजाचं सगळं याच्या विरुद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रज-व्हिटवर्थ कंपनीनं तारांच्या चाकाला मधोमध एकच नट दिला, त्यात डावीकडं सुलटे आटे आणि उजवीकडं उलटे. त्या नटाला पुढं पंख आले. तांब्याच्या हातोड्यानं पंखावर ठोकायचं की चाक मोकळं. शर्यतीत वेळ वाचायचा. पण बाहेर आलेले पंख रस्त्यावरच्या माणसाला लागतात म्हणून अमेरिकेनं १९६८ पासून त्यांवर बंदी घातली.

"आता पंख नसतात मामा," भाचा म्हणाला. "आता पोर्शच्या ९११ जीटी३ ला साध्या रस्त्यावरसुद्धा सेंटर लॉक येतं. एक नट, ६०० न्यूटन-मीटर."

जगात जर्मनी, भारतात परभणी हे आम्ही लहानपणापासून म्हणत आलोय, तेव्हा जर्मनीचं नाव निघाल्यावर सगळे जवळ सरकले. मी मनात हिशोब केला. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला साठ किलोचा माणूस लोंबकळला की होतात ६००. बाबा साधारण तेवढेच भरले असते.

"एवढं आवळायचं, मग पाव फेरी ढिलं करायचं, आणि परत ६०० ला आवळायचं. तोवर दुसऱ्यानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा," भाच्याला सगळं पाठ होतं.

"आन् स्टेपनी कुटं ठिवतेत?" बाबांनी विचारलं.

"स्टेपनी नसते. पंक्चरचं द्रावण आणि छोटा कंप्रेसर देतात."

बाबांनी टोपी सारखी केली. "मग नट सोडायचा कशाला?"

भाचा पाणी प्यायला गेला. बाबा सुरूच. "आमच्या बैलगाडीला बी एकच खीळ व्हती. कंचा टार्क न् काय."

दिसायला सारखंच, पण बैलगाडीचं चाक आसावर मोकळं फिरतं. बैल गाडी ओढतो, चाक नुसतं मागं येतं. खिळीनं फक्त ते बाहेर पडू द्यायचं नाही. मोटारीत इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा झटका चाकातूनच जातो, आणि सेंटर लॉकमधे चाक दाबून धरायला तो एकटा नट. म्हणून तर एवढं आवळायचं, वर तो सुटू नये म्हणून आणखी एक खटका ठेवायचा.

आणि तो अडला तर? २०२१ ला मोनॅकोत मर्सिडीजच्या वाल्टेरी बोटासचं पुढचं उजवं चाक पिटमधे, म्हणजे चाकं बदलायच्या थांब्यावर, अडकलं. गननं नटाच्या कडाच खाल्ल्या. गडी शर्यतीतून बाद. चाक निघालं ते इंग्लंडच्या कारखान्यात, शर्यतीनंतर दोनेक दिवसांनी. हे मी मोठ्यानं सांगितलं, भाच्याला ऐकू जाईल असं.

"म्हंजी त्याचं लगीन चुकलं म्हना," बाबा हळहळले.

तेवढ्यात एकानं रानातून बोअरच्या लोखंडी पाइपचा तुकडा आणला. पान्यावर चढवला, दोन पोरं लटकली, आणि कर्रकन पहिला नट सुटला. दुसरा, तिसरा. चौथा सुटलाच नाही, ज्या स्टडवर बसतो त्या स्टडसकट सरळ तुटून हातात आला. बाबा म्हणाले, "ह्यो बी सुटलाच की."

स्टेपनी तीन नटांवर बसवली, समोरासमोरचे आलटून पालटून आवळले, आणि पाथरीपर्यंत सायकली आम्हाला ओलांडून गेल्या. पण गेलो. चारातला एक गेला तरी तिघं ओढत नेतात. एकातला एक गेला असता तर लिंबाखालीच पंगत बसली असती. भाचा वाटेत काही बोलला नाही. अक्षता पडून गेल्या होत्या, वरण-भातावर तूप चालू होतं.

जेवण झाल्यावर पाथरीतल्या एका मिस्त्रीनं नवा स्टड ठोकला, पंक्चर काढलं, चाक लावलं आणि गनकडं हात नेला. मी म्हटलं, "गन नको, हातानं."

"आणि टॉर्क मोजून," भाचा पुढं झाला. "शंभर न्यूटन-मीटर. मोजायचा पाना आहे ना?"

मिस्त्रीनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमचं वजन किती?"

"बावन्न."

मिस्त्रीनं पाना नटाला अडकवून आडवा धरला. "चढा मग. पर सगळे नका चढू. अर्ध्यापेक्षा जरा जास्त चढा."