‘फक्त फेसिंग मारलंय’ म्हणे!

जुन्या पार्टच्या जाहिरातीत ‘मशीनिंग केलेलं, नव्यासारखं, लावा आन् पळवा’ असं दिसलं की समजून घ्यायचं, माल गेलेला आहे. परवा बारदानातून निघालेलं अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या टोकाला बसणारं, क्लच ज्याला घासून पकड घेतो ते चाक, तसंच. आरशासारखं चकचकीत, समोर धरून भांग पाडावा असं. आणि त्या चकचकाटाचे वर वेगळे पैसे लावलेले!

केलंय काय, तर लेथला लावून अख्खं तोंड एका दमात फेस केलंय, म्हणजे वरून छिलून सपाट केलंय. मधली पोलादी फ्रिक्शन प्लेट, बाजूचं अ‍ॅल्युमिनियम आणि प्लेट धरून ठेवणाऱ्या बारा स्क्रूंची डोकी, सगळ्यांवरून एकच टूल. स्क्रू काढायचेसुद्धा कष्ट नाहीत! बारापैकी सातांत अ‍ॅलन की जेमतेम एक मिलिमीटर शिरते. उरलेल्या पाचांत तर नुसती वरच्या वर गरगरते. ही डोकी घासणाऱ्या तोंडाच्या खाली बुडालेली असायला पाहिजेत. इथं नख फिरवा, कुठं अडतच नाही. म्हणजे क्लच प्लेट पहिल्या दिवसापासून स्क्रूंवर घासणार. काउंटरसंकमध्ये, म्हणजे डोकं बुडावं म्हणून केलेल्या खळग्यात, डोकं उरलंय ते शर्टाच्या बटणाएवढं, आणि प्लेटला सगळी पकड त्याचीच. पाच हजार आरपीएमला ती सुटली तर बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं कवच, तिला अडवेल, या भरवशावर कुणी बसू नये. हाउसिंगच्या पलीकडं ड्रायव्हरचे पाय असतात.

आणि विकणारे महाशय म्हणतात काय? ‘फक्त फेसिंग मारलंय, दादा.’

फक्त! अरे, बिडाचं फ्लायव्हील असेल तर मारा फेसिंग, त्याच्यात माल असतो. अ‍ॅल्युमिनियम मऊ. क्लच त्याला हां हां म्हणता खाईल, म्हणून तर बनवणाऱ्यानं वर पोलादी प्लेट दिली, आणि बदलता यावी म्हणून स्क्रूनं दिली. घासली, निळी पडली, तडकली की काढून टाका, नवी लावा. ती मुळातच पातळ. त्यातून अर्धा मिलिमीटर काढला की ताप सोसायला अंगात काही उरत नाही. चढावर दोनदा हाफ क्लच धरला की परातीसारखी वाकते. मग गाडी उचलताना थरथर, आणि शिव्या खाणार क्लच प्लेट.

बरं, प्लेट बदलायचं काम एका दुपारचं आहे. स्क्रू बहुधा लाल लॉकटाइटनं, म्हणजे आटे पक्के चिकटवणाऱ्या डिंकानं, बसलेले असतात, ते सुटायला अडीचशे अंशांच्या आसपास ताप लागतो. इथं आमचे उस्ताद गॅसची टॉर्च काढतात आणि अख्खं फ्लायव्हील भरताच्या वांग्यासारखं भाजतात! ६०६१ टी-६ जातीचं कडक केलेलं अ‍ॅल्युमिनियम दोनशेच्या वर गेलं की मऊ पडायला लागतं, कडकपणा परत येत नाही. ताप फक्त स्क्रूच्या डोक्याला द्यायचा, जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं, आणि लगेच इम्पॅक्ट ड्रायव्हरला एक ठोका. डोकं गोल झालंच तर डाव्या फिरतीचं ड्रिल, सावकाश. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची तारेची आट्यांची गुंडाळी. वेल्डिंगनं भोक भरून पुन्हा टॅप मारायचं नाही. प्लेटखालची बैठक स्कॉचब्राइटनं पुसायची, आडवी स्ट्रेटएज ठेवायची, ०.०५ मि.मी.ची फट मोजायची पट्टी, म्हणजे फीलर, खाली शिरला तर तिथंच थांबायचं. स्क्रू दर वेळी नवे. शंभर अंशांनी तापलं तर २०० मि.मी. व्यासाला अ‍ॅल्युमिनियम ०.४६ फुगतं आणि पोलाद ०.२४. दर तापण्या-निवण्यात दोघांची ओढाताण, सोसणारे स्क्रू. समोरासमोरचे धरत तीन फेऱ्यांत आवळायचे, प्लेटसोबतच्या कागदावर असेल तेवढाच टॉर्क. ‘हाताला कळतंय की’ हा टॉर्क नव्हे.

शेवटी क्रँकला बसवून, फिरताना तोंड किती डुगडुगतं ते मोजायचा डायल लावायचा, ०.१ मि.मी.च्या आत आला पाहिजे. डायलचं एवढं तोंड वर करून सांगायचं खरं, पण चुंबकाचा स्टँड अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला चिकटत नाही, हे स्टँड पायावर पडल्यावरच आठवतं. दर वेळी! पोलादी पट्टी बोल्टनं आवळून तिच्यावर स्टँड लावायचा, हे ज्ञान अंगठा सुजल्यानंतरचं.

डायल म्हटलं की लेथवाले आठवतात. फ्लायव्हील मधल्या बोअरवर धरायचं असतं. हे लोक रिंग गिअरच्या, म्हणजे स्टार्टर ज्याला फिरवतो त्या बाहेरच्या पोलादी कड्याच्या, दातांवर लेथचे जॉ आवळतात आणि वर विचारतात, ‘किती सूत काढू?’ सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग! वाळूजच्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये पार्ट निघतात आणि तिथून हाकेच्या अंतरावर फ्लायव्हीलला सूत लावतात, जणू जालन्याची सळई तोडायचीय. रिंग सैल झाली तर म्हणे ‘टॅक मारून घ्या’. अहो, पोलाद अ‍ॅल्युमिनियमला वेल्ड होतं कुठं? दात झिजले तर रिंग उलटी करून बसवतात. दातांचा चॅम्फर, म्हणजे तासलेली कड, स्टार्टरच्या बाजूला पाहिजे, तो गेला उलटीकडं. मग सकाळी सकाळी किर्रर्र. आणि बॅलन्सिंगच्या, म्हणजे वजन समतोल करायला पाडलेल्या, भोकात एमसील भरणाऱ्याला तर साष्टांग दंडवत. भोक वाईट दिसत होतं म्हणे!

विकायचंच असेल तर सरळ लिहा ना: प्लेट नवी की जुनी, व्हर्नियरनं जाडी किती, कोणत्या इंजिनचं, क्रँकला बोल्ट किती, रिंगचे दात किती, वजन किती. किराण्याच्या काट्यावर वजन होतं. प्लेट कुणी हात न लावलेली, निळी पडलेली असली तरी गिऱ्हाईक मिळतं, त्याला खालची बैठक चांगली पाहिजे असते. फेसिंग मारलं की स्क्रूच धड सुटत नाहीत, तिथवर पोचायचं कसं?

हे परवाचं थेट मोडीत. रिंग आणि प्लेट वेगळी काढायची, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाचा भाव लागतो. आणि देण्याआधी ग्राइंडरनं आरपार दोन चिरा मारायच्या. न मारता नेलं तर भंगारवाला ते काट्यावर ठेवतच नाही, बाह्यीनं पुसून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ‘एवढा चकचकीत माल, कामून मोडता भाऊ?’