सॉरी नको, नाव नको, विनोद हवा? ऑटो-रिप्लायच्या त्या पोस्टला उत्तर

गणपती-दिवाळीच्या तोंडावर एक पोस्ट हमखास फिरते. यंदा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ती तिघांनी टाकली. सार असं: रजेवर जाताना ऑटो-रिप्लाय, म्हणजे आलेल्या मेलला आपोआप जाणारं उत्तर, एका ओळीचा ठेवा. सॉरी म्हणू नका, ती गुलामी आहे. दुसऱ्या कुणाचं नाव देऊ नका. जमल्यास विनोद करा, छाप पडते. रजेचं कारण सांगू नका. आणि पुरावा काय, तर जर्मनीतली एक मोटार कंपनी रजेतले मेल सरळ डिलीट करते.

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. दिवसभर पुरवठादारांशी मेलामेली चालते, त्यामुळे लोकांचे ऑटो-रिप्लायही भरपूर वाट्याला येतात. रजा हा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण ही पोस्ट लिहिणाऱ्याने रजेवर जाणाऱ्याचाच विचार केलाय. तो निरोप वाचतो मात्र तो, ज्याचं काम अडलंय.

आधी जर्मनी. ती कंपनी डाइमलर आणि २०१४ साली गाजलेली ती सोय 'मेल ऑन हॉलिडे'. मेल डिलीट व्हायचे हे खरं. पण सक्ती नव्हती, हवी त्याने ती सोय घ्यायची. आणि पाठवणाऱ्याला जो निरोप जायचा त्यात, तातडी असेल तर अमुक सहकाऱ्याला लिहा, नाहीतर मी परतल्यावर पुन्हा पाठवा, असं स्पष्ट असायचं. म्हणजे 'नाव देऊ नका' म्हणणाऱ्यांनी साक्षीला बोलावली ती नाव देणारी कंपनी.

नाव दिलं की सहकाऱ्याला त्रास होतो, असं पोस्ट म्हणते. त्रास होतो तो न विचारता दिल्यामुळे. एकदा शेजारच्या टेबलवरच्याने माझं नाव टाकलं आणि गेला गावाला. सोमवारी सकाळी गेटवर ट्रक उभा, चलनावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नाही, सिक्युरिटी आत सोडेना आणि पुरवठादार फोनवर: "साहेब, मेलमध्ये तुमचंच नाव आलंय." मला त्या मालातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्याने दोन मिनिटं काढून मला सांगितलं असतं आणि 'बिलांसाठी अकाउंट्सला, गाडीसाठी स्टोअर्सला लिहा' एवढं टाकलं असतं तर गाडी दहाला रिकामी झाली असती. झाली तीन वाजता. आमच्या गावचे डॉक्टर बाहेरगावी गेले की दवाखान्याच्या दारावर पाटी लागायची: २० तारखेला परत, तातडीच्या पेशंटने समोरच्या डॉक्टरांकडे जावे. त्या समोरच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी सांगितलेलं असायचं.

सॉरीचं म्हणाल तर अर्धं पटतं. 'तसदीबद्दल क्षमस्व' हे दूरदर्शनवरच्या 'व्यत्यय'च्या पाटीसारखं आहे, ते वाचून कुणी कुणाला गुलाम समजत नाही आणि कुणाचं समाधानही होत नाही. नसलं तरी चालेल. पण सॉरी काढून पोस्ट जे सुचवते ते बघा: 'मी रजेवर आहे. मेल वाचले जाणार नाहीत.' ही नोटीस झाली. त्याऐवजी 'सोमवारी २२ तारखेला परत येतोय, मंगळवारपर्यंत उत्तर देतो' असं लिहिलं तर क्षमा न मागताही समोरच्याला बरं वाटतं. त्याला तारीख हवी असते.

आता विनोद. इथे मला जास्त बोलायचंय. आमच्या स्टोअर्समधला एक जुना माणूस अचानक गेला. त्या दिवशी कागदपत्रं उशिरा येतील, हे सांगायला मी एका पुरवठादाराच्या मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाकला. क्षणात उत्तर: 'मी सध्या स्वर्गात आहे, परत येईनच असं नाही!' पुढे हसरा चेहरा. तो कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी होता, बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण समोरून काय येणार आहे हे मशीनला कळत नाही, आणि विनोद करणाऱ्याला ते कळावं लागतं. शिवाय रजा लांबली आणि त्याच माणसाने चार दिवसांनी पुन्हा लिहिलं तर जीमेल तोच विनोद पुन्हा ऐकवतं. आउटलुकमध्ये ऑफिसातल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी दोन वेगळे चौकोन असतात. मस्करी करायचीच तर आतल्या चौकोनात करावी, तीही साहेब बघून.

एक ओळ पुरते, हेही खरं नाही; ती समोरच्याला कळायलाही हवी. वेल्समधल्या स्वान्सीच्या नगरपालिकेने २००८ मध्ये 'अवजड वाहनांना प्रवेश नाही' या पाटीचा वेल्श अनुवाद मेलवर मागवला. उत्तर वेल्शमध्ये आलं, तेच पाटीवर छापून रस्त्यावर लावलं. त्याचा अर्थ होता: मी सध्या ऑफिसात नाही, अनुवादाचं काम पाठवून ठेवा. हसायला ठीक आहे, पण आमचे कितीतरी फॅब्रिकेटर इंग्रजी ऑटो-रिप्लाय आला की 'साहेबांचं उत्तर आलं' म्हणून निश्चिंत बसतात. खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या तर तो फोन तरी करेल.

कारण सांगू नका, हा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य. ऑपरेशन, घरचं लग्न, बँकॉक, कुणाला काय करायचंय? 'रजेवर आहे' पुरतं. 'कार्यालयाबाहेर आहे' नको, लोकांना वाटतं चहाला गेलाय. आणि गणपतीच्या आठवड्यात आडनाव कोकणातलं असेल तर कारण तसंही लपत नाही.