टाके घातले नाहीत ते मुद्दामच

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की १९७१ च्या युद्धात मी नर्स होते त्यावरच्या पोस्टमध्ये मी लिहिलंय, मांडीत गोळी लागलेल्या जवानाची जखम चार दिवस न शिवता ठेवली, म्हणजे एकतर शुद्ध निष्काळजीपणा नाहीतर मी रंगवून सांगतेय. वर हेही विचारलंत की पंचाहत्तरी उलटल्यावर बाई अजून 'लष्करात राहते' कशा म्हणतात.

आधी सोपं घेते. लष्कर हा आमच्या ग्वाल्हेरचा भाग आहे हो! दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती, तेच नाव राहिलं. मी रिटायर होऊन जमाना झाला.

आता जखम. स्वयंपाकघरात सुरीने कापलं तर लगेच टाके घालतात, बरोबर. पण रायफलची गोळी नुसतं भोक पाडत नाही, आजूबाजूचं मांस आतल्या आत मारून टाकते आणि पँटचं कापड, शेतातली माती सगळं घेऊन आत जाते. ते वरून शिवून टाकलं की आत हवा नाही, मेलेलं मांस आहे, गॅस गँगरीनच्या, म्हणजे मांस सडवून आत वायू करणाऱ्या, जंतूंना अजून काय पाहिजे? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सुरुवातीला अशा जखमा शिवल्या आणि माणसं गेली, तिथून सगळ्या फौजा हे शिकल्या. मी एकच केस पाहिलीय, उशिरा आलेला होता, पायावर बोट दाबलं की कातडीखाली पापड चुरल्यासारखं करकर वाजायचं. तो वास अजून नाकात आहे.

म्हणून सर्जन साहेब चिमट्याने स्नायू दाबून बघायचे, आकसला आणि रक्त आलं तर ठेवायचा, नाहीतर कापून काढायचा. मग मोकळा गॉज, म्हणजे जाळीदार कापड, तोही ठासून भरायचा नाही, नाहीतर पाणी बाहेर येत नाही, यावरून मी नवी असताना भरपूर बोलणी खाल्लीयत. त्यानंतर ड्रेसिंगला हात लावायचा नाही. ताप, नाडी, बोटं गरम आहेत का, वास येतोय का, रात्रभर हेच, ब्लॅकआउटमध्ये टॉर्चला कागद बांधून. चौथ्या-पाचव्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन उघडायचं आणि स्वच्छ असेल तर तेव्हा टाके. चेहऱ्याच्या जखमा मात्र लवकर शिवायच्या, तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो.

हे 'का' मी पोस्टमध्ये लिहिलं नाही, ती चूक माझी, कबूल. मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं, आमच्यात चहा पिता पिता बोलायचो ना हे. त्या जवानालाही तुमच्यासारखंच वाटायचं, रोज राउंडला विचारायचा, "सिस्टर जी, धागा खत्म हो गया क्या?" पाचव्या दिवशी पट्टी काढली तर आत डाळिंबासारखं लाल, वास नाही, पू नाही. सर्जन साहेब काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला सुईसाठी.

तेव्हा रंगवून सांगते म्हणा हवं तर, पण तो 'निष्काळजीपणा' शब्द तेवढा मागे घ्या.